सुरांची सनद

चित्रपटाचे किंवा दूरचित्रवाणी-मालिकेचे अखेरचे ध्वनिमिश्रण आटोपले म्हणजे निर्मितीसंस्थेच्या कचेरीत एक साधा, रकाने आखलेला कागद तयार व्हावा लागतो. प्रेक्षकाच्या दृष्टीस तो कधीही पडत नाही, परंतु त्या संगीताच्या रचनाकाराला, आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांना, पुढील कित्येक वर्षे जे काही द्रव्य मिळावयाचे असते ते या एका कागदाच्या आधारेच मिळते. धंद्यात या कागदाला 'क्यू शीट' म्हणतात. संगीताचा प्रत्येक तुकडा, मग तो पूर्ण गीत असो वा दार उघडताना वाजलेला चार सेकंदांचा व्हायोलिनचा झटका असो, या यादीत स्वतंत्र ओळ मिळवतो. ओळीच्या आरंभी अनुक्रमांक, मग तुकड्याचे नाव, मग संगीतकार, असल्यास गीतकार, प्रकाशक, प्रत्येकाचा शेकडेवारीतील हिस्सा, प्रत्येकाच्या वतीने पैसे वसूल करणारी संस्था, तुकड्याच्या वापराचा प्रकार आणि शेवटी मिनिटे व सेकंद. नायिका जिना उतरत असताना एकटी सारंगी वाजली तर 'पार्श्वसंगीत, वाद्य, ०:४८' अशी तिची नोंद होईल; तीच सारंगी पडद्यावर बसलेला सारंगिया वाजवीत असेल तर वापराचा रकाना बदलेल, आणि वापर बदलला की काही संस्थांच्या दरपत्रकाप्रमाणे बटवड्याची रक्कमही बदलेल. रचनाकारांची नावे सारखी असल्याने घोटाळा होऊ नये म्हणून जगातील संस्थांनी प्रत्येक रचनाकाराला एक क्रमांक दिलेला आहे, आणि या क्रमांकांचे मुख्य दफ्तर स्वित्झर्लंडमधील संस्था सांभाळते. नावातील एक अक्षर चुकले, एक क्रमांक गाळला गेला, तर पैसा हक्कदाराच्या घरी न पोहोचता संस्थेच्या अनामत खात्यात पडून राहतो.

अशा कागदाचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. आपल्याकडे चित्रपटसंगीतावर विपुल लिहिले गेले. चालींचे रसग्रहण झाले, गायकांच्या आठवणी निघाल्या, स्पर्धांच्या आणि रुसव्याफुगव्यांच्या कथा पिढ्यान्पिढ्या सांगितल्या गेल्या. परंतु त्या चालींचा हिशेब कोणी ठेवला, कोणी ठेवला नाही, आणि न ठेवल्यामुळे कोणाचे किती हरवले, या प्रश्नाकडे रसिकांचे लक्ष क्वचितच गेले. मुंबईच्या संगीतकाराचे दैन्य हा त्याच्या व्यसनांचा किंवा उधळेपणाचा परिणाम होय, असे सांगण्याची एक सोयीस्कर प्रथा पडून गेली आहे. कायद्याची कलमे आणि कराराचे मसुदे समोर ठेवून पाहिले असता त्या दैन्याचे पुष्कळसे मूळ कागदाच्या अभावात आहे असे दिसून येते.

रचनाकाराने प्रत्येक प्रयोगाचे मूल्य मागावे, ही कल्पना पॅरिस नगरीत रुजली. १८४७ मध्ये एर्नेस्त बूर्झे हा गीतकार आपल्या दोन संगीतकार मित्रांसह शाँझ-एलिझे मार्गावरील एका गायनगृहात बसला असता तेथील वादक त्यांच्याच रचना वाजवू लागले. तेव्हा, तुम्ही आमच्या गाण्यांचे दाम देत नाही तर आम्ही तुमच्या पेयांचे दाम का द्यावे, असे म्हणून त्यांनी बिल चुकते करण्याचे नाकारले. प्रकरण न्यायालयात गेले, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला, आणि १८५१ मध्ये 'सासेम' ही संस्था स्थापन झाली. लंडनची आणि न्यूयॉर्कची अशा दोन्ही संस्था १९१४ च्या. हक्क मान्य झाला तरी तो वसूल करण्यासाठी कोठे काय वाजले याची खबर हवी, आणि ती खबर एकट्या रचनाकाराला मिळवणे अशक्य. म्हणून संस्था, आणि संस्था आली म्हणून नोंदवही, असा हा क्रम आहे.

क्यू शीट मात्र हिशेबासाठी जन्मलेली नव्हे. मूकपटांच्या काळात अमेरिकेतील चित्रसंस्था चित्रगृहातील पियानोवादकांसाठी कोणत्या प्रसंगाला कोणत्या तऱ्हेचे संगीत वाजवावे याची याद छापून पाठवीत. एडिसनच्या कंपनीने १९०९ मध्ये अशा सूचना देण्यास आरंभ केला होता. बोलपट आल्यावर वादक चित्रगृहातून गेले, संगीत फिल्मच्या कडेवर बसले, आणि जी याद वाजवणाऱ्याच्या उपयोगाची होती ती मोजणाऱ्याच्या उपयोगाची झाली. फ्रान्समध्ये आणि ब्रिटनमध्ये चित्रगृहांनी रचनाकारांच्या संस्थांना पैसे भरण्याची रीत कायम राहिली. अमेरिकेत १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या काही स्वतंत्र चित्रगृह-मालकांनी आणलेल्या दाव्यात निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि तेव्हापासून तेथील चित्रगृहे संगीतकाराला प्रयोगाचे मूल्य देत नाहीत. तथापि त्याच सुमारास दूरचित्रवाणी घरोघर शिरत होती, तिच्याकडून प्रत्येक प्रक्षेपणाचे पैसे मिळत होते, आणि म्हणून हॉलिवूडच्या स्टुडिओंनी सेकंदासेकंदांची याद ठेवण्याची शिस्त सोडली नाही. पैसा येण्याचा एक मार्ग जरी उघडा असला तरी कागद जिवंत राहतो, ही गोष्ट पुढे मुंबईच्या संदर्भात ध्यानी ठेवावी लागेल.

आपल्याकडील बोलपटाचा संगीतकार प्रथम पगारी नोकर होता. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ चा बोलपट. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे. पुढे पुण्यात आलेल्या प्रभात चित्रसंस्थेमध्ये केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांसारखे अधिकारी पुरुष संगीत-विभाग सांभाळू लागले. नाटक मंडळीच्या बिऱ्हाडाची सवय असलेल्या पिढीला दरमहा मिळणारा तनखा ही मोठीच स्थैर्याची गोष्ट वाटली असल्यास नवल नाही, आणि त्या काळी हिंदुस्थानात लागू असलेल्या कायद्याप्रमाणे नोकरीत केलेली कृती मालकाचीच होत असल्याने हक्काचा प्रश्नही उद्भवत नव्हता. युद्धानंतर स्टुडिओंचे वैभव ओसरले, मोकळे निर्माते आले, संगीतकार दर चित्रपटामागे ठोक रक्कम घेऊ लागला. परंतु नोकरी गेली तरी नोकरीच्या काळातील समजूत करारनाम्यात जशीच्या तशी राहिली. चाल विकली म्हणजे ती सर्वकाळासाठी, सर्व देशांसाठी आणि पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांसाठी विकली, अशा आशयाचे कलम मसुद्यात पडे आणि संगीतकार त्याखाली सही करी. ध्वनिमुद्रिका-कंपनीचा करार निर्मात्याशी होई. विक्रीवरील स्वामित्वधन निर्मात्याकडे जाई. त्यातून संगीतकाराला काही द्यावयाचे की नाही हे त्याच्या बाजारातील वजनावर अवलंबून असे. ज्यांचे वजन होते त्यांना मिळाले. साठच्या दशकाच्या आरंभी लता मंगेशकर यांनी गायकांसाठीही असा हिस्सा मागितला, आणि एकदा गाण्याचे मानधन घेतले की गायकाचा संबंध संपला असे मानणाऱ्या महंमद रफींशी त्यांचे त्यावरून फाटले, हे सर्वश्रुत आहे. या घटनेची चर्चा दोघांच्या स्वभावाच्या अंगानेच अधिक झाली, हे मात्र दुर्दैव.

नोंदीची उपेक्षा किती खोल गेलेली होती याचे एक उदाहरण रसिकांच्या परिचयाचे आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातील 'आयेगा आनेवाला' या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव म्हणून 'कामिनी', म्हणजे कथेतील पात्राचे नाव, छापले गेले होते. श्रोत्यांनी आकाशवाणीला पत्रे लिहून खऱ्या नावाची पृच्छा केली तेव्हा ते प्रकट झाले. गायिकेच्या नावाची ही गत, तर त्या गाण्यात सतार, पियानो किंवा व्हायोलिन कोणी वाजवले याची याद कोण ठेवणार? या चित्रपटाचे संगीतकार खेमचंद प्रकाश चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले.

स्वतंत्र भारताने आपला कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये केला, आणि त्यात संगीतकृतीची जी व्याख्या घातली ती माझ्या मते या सर्व इतिहासाचे मर्मस्थान आहे. मेलडी, हार्मनी किंवा दोहोंचा संयोग, पण छापलेला, लिहिलेला किंवा अन्य रीतीने चिन्हांकित केलेला, एवढ्यालाच कायद्याने संगीतकृती मानले. ही शब्दयोजना येथील कोणा संगीतज्ञाला विचारून केलेली नव्हती. लंडनच्या रस्त्यांवर लोकप्रिय गाण्यांच्या चोरून छापलेल्या स्वरलिपी विकणाऱ्या फेरीवाल्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९०२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने जो कायदा केला होता, त्यातील व्याख्या पंचावन्न वर्षांनी आपल्याकडे जवळजवळ अक्षरशः उतरली. ज्या देशात विद्या गुरुमुखातून शिष्याच्या कंठात जाते, जेथे भातखंडे आणि पलुस्कर यांनी आयुष्ये वेचून स्वरलिपीची पुस्तके सिद्ध केली तरीही बंदिशीचे प्रमाण घराण्याच्या कंठातच शोधले जाते, त्या देशात लिखित कागद हीच संगीताची काया ठरली, आणि गळ्यात असलेली चाल कायद्याच्या दृष्टीने असून नसल्यासारखी झाली.

मग कागदावर लिहिणारे कोण होते? याचे उत्तर गोव्याकडे नेते. चर्चच्या शाळांतून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ-वृंदांतून चित्रपटांत आले, आणि अनेक संगीतकारांना ज्या लिपीचा परिचय नव्हता ती लिपी त्यांच्या हाताखाली होती. संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी. अरेंजर ती पाच ओळींच्या कागदावर उतरवून घेई. मग अंतऱ्याआधीचे वाद्यसंगीत, व्हायोलिनांचे थर, पितळी वाद्यांचे प्रत्युत्तर, चेलोची खालची चाल, हे सर्व रचून प्रत्येक वाद्यासाठी निराळी पाने तयार करी, आणि ही पाने सकाळच्या शिफ्टला वादकांच्या स्टँडवर चढत. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वृंदामागे वर्षानुवर्षे सेबॅस्टियन डिसूझांचा हात होता. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्त्य वृंदवादन यांचा मेळ घालण्यासाठी स्वतःचा वाद्यवृंदही उभारून पाहिला. श्रेयनामावलीत अशांची नावे आली तर साहाय्यक म्हणून येत, पुष्कळदा येतही नसत. म्हणजे कायदा ज्या कागदाला संगीत म्हणत होता तो कागद ज्यांच्या हस्ताक्षरात होता त्यांना हक्क नव्हता. ज्यांची चाल होती त्यांच्यापाशी बहुधा तो कागद नव्हता. आणि ध्वनिमुद्रण झाल्यावर ती पाने जपून ठेवण्याचे बंधन कोणत्याही करारात किंवा कलमात नव्हते.

पेशवाई बुडाल्यानंतर कंपनी सरकारने १८५२ च्या कायद्यान्वये नेमलेल्या इनाम कमिशनची आठवण येथे अपरिहार्यपणे होते. पिढ्यान्पिढ्या जमीन खाणाऱ्या इनामदाराला सनद दाखव असे फर्मावण्यात आले. कोणाच्या सनदेला वाळवी लागलेली, कोणाची दंग्यात जळलेली, कोणाला मूळची तोंडीच मिळालेली. उपभोग खरा असूनही दाखला नाही म्हणून इनामे खालसा झाली. महाराष्ट्र तो घाव फार वर्षे विसरला नाही. संगीतकाराची अवस्था याहून वेगळी नव्हती. फरक एवढाच की, आपले काही खालसा झाले आहे याची जाणीवच त्याला पुष्कळ उशिरा झाली.

१९६९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईस इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच महिन्यात तिने आपले दरपत्रक प्रसिद्ध केले. चित्रगृहांनी संगीताच्या सार्वजनिक प्रयोगाबद्दल पैसे भरावे, ही मागणी पाहताच निर्मात्यांच्या आणि प्रदर्शकांच्या संघटनांनी हरकती घेतल्या. कॉपीराइट बोर्डाने सोसायटीचे म्हणणे मान्य केले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९७४ मध्ये ते फिरवले. आणि १४ मार्च १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले आणि उलट करार नसला, तर त्या चित्रपटाच्या प्रदर्शनापुरता पहिला मालक निर्माताच, असे कलम १७ चे तात्पर्य निघाले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती जसवंत सिंग यांचे. परंतु न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला जोडलेली छोटी टिपणी आज अधिक वाचली जाते. कंठातील माधुर्याला आणि गायनातील आत्म्याला कायद्याने काहीच स्थान दिलेले नाही, केवळ लिहिलेल्या स्वरांनाच दिले आहे, याचा त्यांनी खेद केला आणि गायक, संगीतकार व गीतकार यांच्या स्थितीचा संसदेने विचार करावा असे सुचवले. संसदेला तो विचार पूर्णत्वास नेण्यास पस्तीस वर्षे लागली.

या साऱ्या काळात सर्वांत मोठे नुकसान पार्श्वसंगीताचे झाले, असे माझे स्पष्ट मत आहे. गाण्याला निदान तबकडी होती. तबकडीवर, 'महल'सारखे अपवाद सोडता, नावे होती. विविध भारती १९५७ पासून गायक, गीतकार आणि संगीतकार यांचा नामोच्चार करीत आली, त्यामुळे खेड्यातील शाळकरी मुलालाही कोणती चाल कोणाची हे मुखोद्गत असे. पार्श्वसंगीताला यांपैकी काहीच लाभले नाही. बी. आर. चोप्रांचा 'कानून' १९६० मध्ये आला. त्यात एकही गीत नाही, आणि सलील चौधरी यांचे संगीत त्यातील न्यायालयाच्या प्रसंगांना ताण देत राहते. गीत नाही म्हणून तबकडीवर येण्याजोगे काही नाही. चित्रगृह पैसे देत नाही म्हणून सेकंद मोजण्याचे कोणाला कारण नाही. परळच्या राजकमलमध्ये मंगेश देसाई यांच्यासारखा ध्वनिमिश्रक रात्रंदिवस बसून संवाद, पावलांचा आवाज आणि संगीत यांचे प्रमाण ठरवीत होता, त्या वेळी प्रत्येक तुकडा कोठे सुरू होतो आणि कोठे विरतो याची माहिती त्या खोलीत सेकंदापर्यंत उपलब्ध होती. कारकुनाने ती उतरवून घेतली असती तर उत्तम क्यू शीट तयार झाली असती. परंतु ज्या माहितीतून कोणाला द्रव्य मिळत नाही ती माहिती कोणी उतरवून घेत नाही.

कॉपीराइट कायद्याच्या १९९४ च्या दुरुस्तीने, जी पुढील वर्षीच्या मे महिन्यात अमलात आली, लिखिततेची अट काढून टाकली. संगीत हीच संगीतकृती, मग ती लिहिलेली असो वा नसो, असे कायदा प्रथमच म्हणाला, आणि गायक-वादकांचा प्रयोगकर्ता म्हणून हक्कही त्याच दुरुस्तीने आला. याच वर्षांत उपग्रह-वाहिन्या आल्या. जुने चित्रपट रात्रंदिवस दाखवले जाऊ लागले, दैनंदिन मालिकांसाठी संगीताचे मीटर अहोरात्र चालू राहिले, आणि करारात मात्र ते जुने सर्वस्वदानाचे कलमच उतरत राहिले. 'तमस' आणि 'भारत एक खोज' यांसारख्या दूरदर्शनच्या मालिकांना ज्यांच्या संगीताने गांभीर्य दिले ते वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, प्रत्येक स्वर स्वहस्ते लिहिणारे रचनाकार. म्हणजे १९५७ च्या व्याख्येचीही संपूर्ण पूर्तता करणारे. तरीही वार्धक्यात त्यांना द्रव्याची चणचण भासली, हे २०१९ च्या वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचले. स्वरलिपी त्यांच्या कपाटात होती. मिळकत जोडणारा करार आणि नोंद यांची साखळी त्या काळच्या व्यवहारात नव्हती.

१७ मे २०१२ रोजी राज्यसभेने आणि २२ मे रोजी लोकसभेने जी दुरुस्ती संमत केली, तिच्यामागे गीतकार जावेद अख्तर यांची चिकाटी होती. चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य प्रत्येक वापराच्या स्वामित्वधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा राहील, आणि तो वाटा त्यांनी सही करून सोडून दिला तरी ते सोडणे अवैध ठरेल, अशी तरतूद त्यात आली. सही करणाऱ्याला स्वतःच्या सहीपासून वाचवणारे असे कलम कायद्यात क्वचित आढळते. ज्यांनी निर्मात्याच्या कचेरीत संगीतकाराला मसुद्यासमोर बसलेला पाहिला आहे त्यांना त्याची आवश्यकता समजावून सांगावी लागणार नाही. त्याच दुरुस्तीने प्रक्षेपण-संस्थांना वैधानिक परवाना देताना नोंदवह्या ठेवण्याचे आणि हक्कदारांना हिशेब देण्याचे बंधनही घातले. सोसायटीची नव्या कायद्याखाली पुनर्नोंदणी व्हावयास २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि रेडिओवर तबकडी वाजते तेव्हा गीतकार-संगीतकारांना स्वतंत्र स्वामित्वधन देय आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये सांगेपर्यंत रेडिओ-कंपन्या ते नाकारीत होत्या.

जुन्या करारांना ही तरतूद कितपत लागू होते याविषयी वकिलांत एकमत नाही. परंतु वाद मिटला तरी बटवडा कोणत्या कागदावरून करावयाचा, हा प्रश्न उरतोच. आणि येथे काळ कोणासाठी थांबलेला नाही. संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या कृतीवरील हक्क संपुष्टात येतो. खेमचंद प्रकाश यांची मुदत २००९ च्या अखेरीस, म्हणजे नवा कायदा होण्याच्या अडीच वर्षे आधीच, संपून गेली. 'श्यामची आई' आणि 'दो आँखें बारह हाथ' यांचे संगीतकार वसंत देसाई १९७५ च्या डिसेंबरात गेले; त्यांची मुदत २०३५ च्या अखेरीपर्यंत आहे. पार्श्वसंगीतात त्यांची योग्यता काय होती हे त्यांचे चित्रपट डोळे मिटून ऐकणाऱ्याला सांगावयास नको. अशा चित्रपटांच्या याद्या जेथे नसतील तेथे त्या आजही मागाहून करता येतात: चित्रपट प्रथमपासून अखेरपर्यंत लावावा, हाती घड्याळ घ्यावे, प्रत्येक तुकड्याचा आरंभ आणि अंत टिपावा, आणि संगीतकाराच्या किंवा अरेंजरच्या घरी वह्या उरल्या असतील तर त्यांच्याशी तो ताडून पाहावा. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला जाणत्या माणसाचे फार तर काही दिवस लागतील.